नाव विचारण्यापूर्वी

पूर्णपणे बंद पडलेल्या यंत्राविषयी मनुष्याच्या मनात फारसा संभ्रम राहत नाही. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, म्हणजे एक तर वीज नाही, नाही तर यंत्र निकामी झाले. मग तो कारागिराला बोलावतो आणि सांगितला जाईल तो खर्च मुकाट्याने मान्य करतो. खरा पेच पडतो तो अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्या यंत्रापाशी. संगणकाचे बटण दाबावे, दिवा लागावा, आतला पंखा घरघरू लागावा, बनविणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर उमटावे, त्याखाली ठिपक्यांचे लहानसे रिंगण फिरू लागावे, आणि आता आपले नाव व पासवर्ड विचारणारा पडदा उघडणार अशा ऐन वेळी सारे जागच्या जागी थिजून जावे! वाचकहो, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. ज्यांना आला नसेल त्यांना तो पुढेही येणार नाही, अशी ग्वाही मात्र कोणी देऊ शकणार नाही.

अशा वेळी घरोघरी घडते ते जवळजवळ एकच. प्रथम बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते. नंतर घरातील सर्वांत लहान मुलाला पाचारण होते. आणि शेवटी ओळखीच्या कोणाला तरी फोन करून ‘कॉम्प्युटर सुरूच होत नाही’ असे सांगण्यात येते. माझे नम्र म्हणणे असे की, हे शेवटचे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. संगणक सुरू झालेला असतो. इतकेच नव्हे, तर तो बराच मोठा पल्ला गाठून आलेला असतो. तो कोठवर आला आणि कोणत्या जागी थांबला हे जो शांतपणे पाहील, त्याला निम्मे निदान घरबसल्या करता येते. आणि आपले कागद, आपली छायाचित्रे गेली असे समजून, घाबरून जाऊन, भलत्याच उपायाला संमती देण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही.

मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. माझे आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेले, आणि त्यातील उमेदीची वर्षे इटारसी जंक्शनात. गाडी स्टेशनाबाहेर आऊटरला उभी राहिली की डब्यातील प्रवासी म्हणतात, ‘गाडी बिघडली.’ गाडीला बहुधा काहीही झालेले नसते. तिला पुढे येण्याची खूण मिळालेली नसते, एवढेच. आणि ती का मिळाली नाही याचे कारण पुढे कोठे तरी असते. आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिला धडा मिळे तो असा की, बिघाड शोधताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार तपासत जाऊ नये. मधल्या जोडावर मीटर लावावा. तेथवर वीज येत असेल तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष ठरला. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य पाहावा. शंभर जोड असले तरी सहा-सात वेळा मीटर लावला की दोषाची जागा हाती येते. संगणकाच्या बाबतीत ही मेहनतही पुष्कळशी वाचते, कारण तो ज्या जागी थांबतो ती जागाच आपणहोऊन मधला जोड दाखवीत असते.

बटण दाबल्यापासून नाव विचारण्यापर्यंत आत काय काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. वीज मिळताच प्रथम जागा होतो तो यंत्राच्या मुख्य पटावर कायमचा बसविलेला एक छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणत. नव्यांत यूईएफआय म्हणतात. तो प्रोसेसर, मेमरी, कळफलक, पडदा या साऱ्यांची हजेरी घेतो. या हजेरीत कोणी महत्त्वाचा गडी गैरहजर असला तर पडदा काळाच राहतो, किंवा यंत्र ठरावीक संख्येने शिट्ट्या देते. हजेरी पुरी झाली की डिस्कवरील एक लहानसा प्रोग्राम उचलला जातो; तो विंडोजचा, किंवा जी कोणती प्रणाली असेल तिचा, गाभा मेमरीत आणून ठेवतो; गाभा यंत्राच्या एकेका भागासाठी त्याचा त्याचा ड्रायव्हर कामाला लावतो; पाठोपाठ पडद्याआड चालणाऱ्या अनेक सेवा उभ्या राहतात; आणि सर्वांत शेवटी चित्रमय पडदा रंगून आपले नाव विचारले जाते. या उठण्याला इंग्रजीत बूट होणे म्हणतात. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला उचलून घ्यावे, अशा गमतीच्या कल्पनेवरून तो शब्द आला आहे. १९७५ च्या आल्टेअर ८८०० या यंत्रावर तर हे पहिले पाऊल माणसालाच उचलून द्यावे लागे: पुढच्या फळीवरील खटके वरखाली करून आरंभीच्या आज्ञा एकेक करून आत भराव्या लागत. आज ते सारे काही सेकंदांत होते, म्हणून त्यात एवढ्या पायऱ्या आहेत याची आपणांस जाणीवच राहत नाही.

तेव्हा बोधचिन्ह दिसले याचा अर्थ हजेरी झाली. ठिपके फिरू लागले याचा अर्थ डिस्क निदान काही अंशी वाचली गेली व गाभा मेमरीत आला. यापुढे यंत्र थांबले असेल तर दोष उरलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एका ठिकाणी असणार: एखादा ड्रायव्हर, एखादी सेवा, चित्र रंगविणारा भाग, बाहेरून जोडलेले एखादे उपकरण, किंवा अर्धे वाचून झाल्यावर पुढचे पान न देणारी डिस्क. एवढे समजून घेतले म्हणजे घाबरण्याचे कारण पुष्कळच कमी होते. परंतु हे ज्ञान मला जेथे उपयोगी पडले ती हकीकत सांगितल्यावाचून त्याचे महत्त्व ध्यानी यावयाचे नाही.

माझे थोरले बंधू इंदुरास राहत. २०१५ साली नोकरीतून निवृत्त होताच त्यांनी एक संगणक घेतला आणि आमच्या घराण्याचे जुने कागद पुढ्यात ओढले. जमाखर्चाच्या वह्या, देण्याघेण्याच्या याद्या, लग्नकार्याची बोलावणी, सासरी गेलेल्या मुलींची ख्यालीखुशाली कळविणारी पत्रे; सारे काही मोडीत, बोरूने लिहिलेले. आमच्या पिढीत मोडी वाचणारे दादा एकटेच. एकेक कागद भिंगाखाली धरून ते तो बाळबोधीत उतरवून काढीत आणि संगणकावर टंकित करीत. नऊ वर्षे हा उद्योग अखंड चालला. २०२४ साली दादा गेले. मूळ कागदांचे म्हणाल तर, त्यांतील निम्मे वाळवीने आणि दमटपणाने इतके जर्जर झाले होते की, दादांनी ज्यांची शेवटची अक्षरे वाचली ते कागद आता दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाहीत. जे काही उरले ते त्या संगणकातच होते, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

वहिनी रोज सकाळी देवपूजा आटोपली की तो संगणक लावीत आणि दादांनी लिहिलेले एखादे पान वाचीत. २०२५ च्या श्रावणात एके दिवशी ठिपके फिरता फिरता थांबले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी बाजारातील एका दुकानातून दुरुस्तीचा मुलगा आणविला. त्याने दहा मिनिटे खटपट केली आणि निदान सांगितले, ‘‘काकू, फॉरमॅट मारावे लागेल.’’

‘‘म्हणजे काय होईल?’’ वहिनींनी विचारले.

‘‘सगळे नवीन होईल.’’

त्या ‘नवीन’ शब्दाने वहिनींना शंका आली, हे आमच्या घराण्याचे भाग्य. त्यांनी त्या मुलाला चहा दिला, यंत्राला हात लावू दिला नाही, आणि मला फोन केला. ‘‘भाऊजी, याला नवीन करावयाचे आहे की नाही, हे तुम्ही येऊन ठरवा,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

मी त्या मुलाला दोष देणार नाही. त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत चालते यंत्र हवे असते, आणि फॉरमॅट हा त्याचा हमखास रस्ता होय. परंतु फॉरमॅट करणे म्हणजे काय, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे. डिस्कवर काय कोठे ठेवले आहे याची जी यादी असते ती पुसून टाकून, त्या जागी नवी प्रणाली मांडावयाची, असा तो प्रकार आहे. नव्या लेखनाखाली जुने जेवढे झाकले जाते तेवढे कायमचे जाते. घराचे दार अडकले म्हणून घर पाडून नवे बांधण्यासारखे हे आहे. नवे दार नीट उघडेल यात संशय नाही, परंतु आतले सामान?

मी इंदुरास पोचलो तो रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्राला काही करण्यापूर्वी, नुसते पाहावयाचे असे ठरविले. प्रथम छापाई यंत्र, वेबकॅम, एक विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह, असे जे जे बाहेरून जोडलेले होते ते सारे काढून ठेवले; कळफलक, माऊस आणि पडदा एवढेच राहू दिले. बाहेरचे एखादे रोगट उपकरण साऱ्या यंत्राला ओठंगून ठेवते, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. मग भिंतीतील खटका बंद केला, वायर काढली, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून आतली उरलीसुरली वीज जाऊ दिली, आणि पुन्हा सुरू केले. बोधचिन्ह आले, ठिपके फिरले, आणि थांबले.

आता जी परीक्षा केली ती आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे, कारण तिला एक पैसाही लागत नाही. कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी आणि तिचा बारीक दिवा पाहावा. दिवा लागत-विझत असेल तर यंत्राचा गाभा जागा आहे. तो कशाची तरी वाट पाहत आहे, किंवा फक्त चित्र रंगविण्याचे काम अडले आहे. दिवा मुळीच दाद देत नसेल तर गाभाच गोठला आहे असे बहुधा समजावे. आमचा दिवा लागला. दुसरी खूण म्हणजे डिस्कचा दिवा. तो मधून मधून लुकलुकत असेल तर काही काम चालू आहे. कदाचित एखादे अपडेट पुरे होत असेल, अशा वेळी तास-दोन तास थांबण्याइतका धीर माणसाला असला पाहिजे. आमच्या यंत्राचा तो दिवा अखंड जळत होता. मी खोलीतला पंखा बंद करावयास सांगितले आणि यंत्राच्या पेटीला कान लावला. टिक्... टिक्... थोडा विसावा, आणि पुन्हा टिक्. वहिनींनीही कान लावला. ‘‘भिंतीवरच्या घड्याळासारखे वाजते आहे,’’ त्या म्हणाल्या.

घड्याळासारखे वाजणे हे घड्याळालाच शोभते, डिस्कला नव्हे. जुन्या धर्तीच्या डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे या गतीने फिरत असतात, आणि त्यांच्यापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर वाचणारे टोक हिंडत असते. एखादी जागा वाचता आली नाही की ते टोक मागे येते, पुन्हा जाते, पुन्हा प्रयत्न करते. गाभा इकडे पुढच्या पानाची वाट पाहत तिष्ठत राहतो, म्हणून ठिपके थांबतात. दहा वर्षे फिरलेली ती चकती दमली होती, एवढाच या साऱ्याचा अर्थ. यात कोणाचा अपराध नव्हता.

माझी पुतणी बंगळुरास याच व्यवसायात आहे. तिला फोनवर सारी लक्षणे सांगितली. तिने पहिली गोष्ट सांगितली ती अशी: ‘‘काका, ते आता बंद करा, आणि मी सांगेपर्यंत पुन्हा लावू नका.’’ आजारी डिस्क जितक्या वेळा फिरवावी तितकी ती अधिक ढासळते. आणि डिस्क दुरुस्त करण्याच्या नावाखाली जे प्रोग्राम चालविले जातात ते तिच्यावर लिहू लागतात व तिला आणखी शिणवतात. निरोगी डिस्कवर ते उपयोगी. मरणोन्मुख डिस्कवर घातक. आधी प्रत, मग निदान, मग दुरुस्ती. हा क्रम तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. सिग्नल खात्यातील पस्तीस वर्षांत मला कोणी इतक्या करड्या आवाजात सूचना दिल्याचे स्मरत नाही.

मग शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर, तिच्या सांगण्याप्रमाणे, एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर उबुंटू ही विनामूल्य प्रणाली उतरवून घेतली. या प्रणालीचा एक मोठा गुण असा की, ती डिस्कवर न बसविता नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालविता येते. दादांच्या यंत्राला तो पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबताच एफ१२ ची कळ दाबीत राहिलो — ही कळ कंपनीगणिक निराळी असते — आणि समोर आलेल्या यादीतून डिस्कऐवजी पेन ड्राइव्ह निवडला. पुढे ‘बसवा’ आणि ‘नुसते चालवून पाहा’ असे दोन पर्याय येतात. त्यांतील दुसराच निवडावयाचा, हे सांगावयास नकोच. तीन-चार मिनिटांत, जे यंत्र चार दिवस मुके होते त्यावर एक निराळाच पडदा उघडला. त्याच्या कडेला डिस्कचे चित्र होते. ते उघडण्यास बराच वेळ लागला; आणि मग दादांच्या फोल्डरांची नावे एकेक करून दिसू लागली. ‘वह्या’. ‘पत्रे’. ‘आत्याबाईंची पत्रे’. ‘वाचता न आलेले’.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढून घेतली.

प्रत काढतानाही क्रम असतो. सगळे एकदम उचलण्याचा मोह आवरावा. जे लहान आणि अमोल ते पहिले. लिप्यंतराच्या चारशेहून अधिक फाइली मिळून जागा म्हणाल तर अगदी थोडी. त्या बाहेरच्या डिस्कवर पाव तासात उतरल्या. मग कागदांची छायाचित्रे. त्यांना दुपार झाली, कारण मधूनच ती टिक् टिक् सुरू होई आणि सारे थबके. सात छायाचित्रे शेवटपर्यंत वाचता आली नाहीत. शेवटी घरातील समारंभांची चित्रे. सारे आटोपल्यावर, आता निदान करण्यास हरकत नाही म्हणून, डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती उघडून पाहिली. वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा पाहिल्यावर आणखी काही विचारण्याचे कारण राहिले नाही.

आमचा आजार डिस्कचा निघाला. परंतु प्रत्येक वेळी तोच असेल असे नव्हे. डिस्क शांत असून पडदा तेवढा अडला असेल तर विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात. चित्र रंगविणारा ड्रायव्हर त्यामुळे नव्याने सुरू होतो. त्याने भागले नाही तर सेफ मोड हा मार्ग आहे. विंडोज उठत असताना लागोपाठ दोन-तीनदा बटण दाबून ती थांबविली की पुढच्या वेळी ती आपणहोऊन दुरुस्तीचा पडदा पुढे करते. त्यातून सेफ मोडमध्ये गेले असता केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरच चालतात. तेथे यंत्र सुखाने उभे राहिले तर दोष नंतर बसविलेल्या एखाद्या प्रोग्रामात, ड्रायव्हरात किंवा अपडेटात आहे, हे सिद्ध होते आणि जे शेवटी बसविले ते काढून पाहता येते. यंत्राचे घड्याळ प्रत्येक वेळी जुनीच तारीख दाखवीत असेल, तर मुख्य पटावरील तीन व्होल्टची रुपयाएवढी बॅटरी बदलावी. ती संपली की यंत्र आपल्या मांडणीच्या नोंदी विसरते आणि कधी कधी कोणत्या डिस्कवरून उठावयाचे हेही विसरते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केले असता यंत्र बहुधा पुरते बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवून ते पुढच्या वेळी तीच उचलते. त्यामुळे जुना घोटाळाही जपला जातो. ‘रीस्टार्ट’ने मात्र सारे नव्याने होते. लाइट बंद करून लावण्याचा आपला घरगुती उपाय यामुळेच कधी कधी फसतो.

आता त्या दुपारी मला सुचलेला एक विचार आपल्यापुढे ठेवतो. आम्ही दादांच्या कागदांपर्यंत पोचलो, परंतु दादांचा पासवर्ड आम्ही कोठेही टंकिला नाही. यंत्राने आमचे नाव विचारलेच नाही. मग तो पासवर्ड होता तरी कशासाठी? याचे उत्तर इतिहासात सापडते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या देखरेखीखाली, १९६१ च्या सुमारास, एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची योजना आकाराला आली. ज्याचे कागद त्याला दिसावेत म्हणून तेथे नाव आणि पासवर्ड विचारण्याची रीत पडली. म्हणजे ती रीत एकाच वाड्यातील बिऱ्हाडांच्या दारांसारखी होती; वाड्याच्या भिंतीसारखी नव्हे. चालू प्रणाली पहारा करीत असते तोवरच पासवर्डाला अर्थ. प्रणालीच झोपली असता दुसऱ्या बाजूने कोणीही आत येऊ शकतो. आम्ही आलो, चोरही येऊ शकला असता.

ही उणीव भरून काढण्यासाठी आता डिस्कवरील सारा मजकूरच कूटलिपीत ठेवण्याची सोय झाली आहे. विंडोजमध्ये तिला बिटलॉकर म्हणतात, आणि अलीकडच्या नव्या यंत्रांत ती पुष्कळदा आपोआपच सुरू असते. चोरापासून संरक्षण म्हणून ती उत्तम होय. परंतु वाचकहो, दादांचे यंत्र जुने होते, त्यावर ती सोय नव्हती, म्हणूनच आमचे कागद हाती आले. तेच यंत्र आजचे असते तर पेन ड्राइव्हवरून उघडलेल्या पडद्यावर डिस्कच्या चित्राशेजारी एक कुलूप दिसले असते, आणि ४८ अंकी किल्ली मागितली गेली असती. ती किल्ली यंत्र घेताना उघडलेल्या खात्यात बहुधा साठविलेली असते. परंतु ते खाते कोणाच्या नावाचे, त्याचा पासवर्ड कोणता, हे घरात एकाच माणसाला ठाऊक असावे आणि तो माणूसच नसावा, अशी परिस्थिती आता घरोघर येणार आहे.

१९ जुलै २०२४ रोजी याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली आणि त्यांपैकी पुष्कळशी नाव विचारण्यापर्यंत पोचेनाशी झाली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. सदोष फाइल कंपनीने दीड तासाच्या आत मागे घेतली होती, आणि उपायही साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढून टाकावयाची. परंतु जे यंत्र उभेच राहत नाही त्याला दुरून औषध पोचविता येत नाही. बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापुढे माणूस बसवावा लागला. आणि जेथे बिटलॉकर होते तेथे प्रत्येक यंत्राची ४८ अंकी किल्ली शोधून ती टंकावी लागली. ज्यांच्या किल्ल्यांची यादीच बंद पडलेल्या यंत्रांत होती त्यांच्या मनःस्थितीची कल्पना आपण करू शकता.

म्हणून माझ्या स्वतःच्या यंत्राची किल्ली मी शाईने कागदावर लिहून काढली आहे. तो कागद, विम्याची कागदपत्रे आणि घरपट्टीच्या पावत्या असतात त्याच पत्र्याच्या डब्यात आहे, आणि तो कोठे आहे हे आमच्या घरात चौघांना ठाऊक आहे.

दादांच्या यंत्रात पुढे नवी, फिरत्या चकत्या नसलेली डिस्क बसविली. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती आणि ते जुने यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, म्हणून पुतणीच्या सल्ल्याने त्यावर उबुंटूच कायमची ठेवली. आरंभी वहिनींना तिचा पडदा परका वाटला. आठवड्यात हात बसला. काढलेली डिस्क भंगारवाल्याला दिलेली नाही. आपल्याला वाचता न येणारी डिस्क दुसऱ्या कोणाला वाचता येते, हे आता वहिनींना पक्के ठाऊक आहे; ती त्यांच्या कपाटात, जुन्या शालीत गुंडाळून ठेवलेली आहे. लिप्यंतराची एक प्रत बंगळुरास, एक कपाटात, आणि एक कागदावर छापून, बांधून घेतलेली.

छापलेल्या प्रतीचे शेवटचे पान अर्धेच आहे. आत्याबाईंनी कोणा एका पावसाळ्यात माहेरी लिहिलेले पत्र दादा उतरवीत होते, ते ‘नदीला उतार पडला की’ या शब्दांपाशी थांबले आहे. मूळ कागद अजून शाबूत आहे. वहिनींनी पुण्याहून मोडीच्या बाराखडीचे पुस्तक मागविले आहे, आणि दादांचे भिंग आता त्यांच्या मेजावर असते.